गार पहाटेचं इंजिन

पहाटे ४.४०. फोन द्राक्षबागाईतदार काकांचा. "मिस्तरी, लाइट गेली, गारठा वाढत चाललाय, अन् इंजिन काही धरत नाही." जानेवारीत असा फोन आला की मी चहालाही थांबत नाही. निफाडच्या शिवारात या दिवसांत पारा चार-पाच अंशांवर येतो. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातला आकडा पेपरात छापून येतो. पाणी भरत आलेल्या मण्यांना एवढी थंडी बसली की ते तडकतात. विहिरीचं पाणी हवेपेक्षा ऊबदार असतं, म्हणून दिवस उगवायच्या आत ते बागेत फिरवायचं. त्या दोन तासांवर वर्षाची कमाई टांगलेली असते.

५.४०. किर्लोस्करचं जुनं एव्ही-वन. एक सिलिंडर, ५ हॉर्सपॉवर, १५०० फेरे. दोन गडी हँडल मारून घामाघूम झालेले. तिसरा ईथरचा फवारा घेऊन आलेला; तो मी काढून ठेवायला लावला. ईथर पिस्टन वर पोचायच्या आतच भडकतं आणि त्याचा दणका रिंगांना बसतो. एकदा ती सवय लागली की इंजिन त्याच्याशिवाय उठत नाही.

पान्याला हात लावायच्या आधी मी धूर बघतो. धूर नाहीच, तर डिझेल पोचत नाही. काळा असेल तर हवा कमी पडतेय. इथे पांढरा होता, डोळ्यांना झोंबणारा: डिझेल आत जातंय, पेटत नाही. या इंजिनला ठिणगी नसते. हवा दाबून दाबून तापते आणि त्या तापलेल्या हवेत डिझेल पेटतं. हवा मुळातच गार, हँडलचा फेरा मंद, आणि लोखंड उरलीसुरली ऊब पिऊन टाकतं.

उचलला की दाब सोडणारा डीकॉम्पचा खटका मी खाली पाडला, हँडल दाबावर धरलं आणि कान दिला. सायलेन्सरमधून फुसफुस आली तर एक्झॉस्ट व्हॉल्व, फिल्टरमधून आली तर इनलेट, ब्रीदरमधून आली तर रिंगा. कुठूनच आवाज नाही. याचा अर्थ मला तेव्हा लागला नाही.

६.१५. बाग थांबणार नव्हती. काकूंना चुलीवर दोन हंडे पाणी तापवायला लावलं आणि ते इंजिनच्या पाण्याच्या जागेत हळूहळू ओतलं. दहा मिनिटांनी खटका उचलून जोरात हँडल, मग खटका खाली. तिसऱ्या वेळेला पकडलं. पांढरा धूर विरला, पाटात पाणी आलं. काका ओळीओळीतून धावत होते, स्वेटर नाही, पायात चप्पल नाही.

९.३०. इंजिन बंद करून नोझल काढलं आणि पंप-नोझलच्या दुकानात नेलं. नोझल सातपूरलाच बनतात. कारखान्यावर बॉशची पाटी आहे, पण आमच्याकडे अजून मायकोच म्हणतात. टेस्टरवर फवारा बारीक, चारी बाजूंनी सारखा, शेवटी थेंब नाही. म्हणजे नोझलही निर्दोष.

११.४५. बागेत परत. चहा पिताना काका सहज बोलले, "दिवाळीत ठोकत होतं, तेव्हा एकाकडून उघडून घेतलं होतं." हे मी पहाटेच विचारायला हवं होतं. बिघडलेल्या इंजिनाला शेवटचा पाना कोणी लावला, हा माझ्या लेखी पहिला प्रश्न आहे, आणि घाईत तोच राहिला.

१.३०. हेड उतरवलं. पिस्टनच्या काठावर शिशाची तार ठेवली, हेड परत आवळलं, हातानं एक फेरा दिला आणि चेपलेली तार मापली. पुस्तिकेतल्या मापापेक्षा अर्धा मिलिमीटर जाड. सिलिंडर उचलला तर खाली एकाऐवजी दोन पॅकिंगं. आवाज मरावा म्हणून कोणीतरी पिस्टनला जागा करून दिली होती. ८० मिलिमीटरचा बोअर, ११० चा स्ट्रोक; अर्ध्या मिलिमीटरनं दाबाचं प्रमाण १६.५ वरून साडेपंधराच्या आसपास येतं. हवा कुठून निसटत नव्हती, तिला चेपायचंच कमी झालं होतं. दिवाळीत ऊन होतं, इंजिन चालून गेलं. जानेवारीनं ते उघडं पाडलं.

मग ठोकण्याचं कारणही शोधावं लागलं: कनेक्टिंग रॉडचं बेअरिंग सैल. नवं घातलं. जादा पॅकिंग काढलं, पुन्हा शिशाची तार. या वेळी माप बरोबर आलं आणि पिस्टन हेडला लागत नव्हता. यात दुपार गेली.

५.५०. पहिल्याच हँडलला उठलं. ठोकाही नाही. गड्यांनी टाळ्या वाजवल्या, काका पैसे मोजायला लागले. मी म्हटलं, "काका, संध्याकाळी तर ते कालही उठलं असतं. आज रात्री त्याच्यावर पोतं टाकू नका, पाणी तापवू नका. गार पडू द्या. पाचला मी येतो, मग द्या."