बेसला धार हवी, पण खर्ज सुटू नये

कफ परेडच्या मच्छीमार नगरात हळदीला कोळीगीतं वाजवताना माझ्या बेस गिटारचा आवाज ढोलकी आणि कीबोर्डखाली दबतो. तिथे ओव्हरड्राइव्ह कामी येतो. बेसची जाड ई तार सेकंदाला साधारण ४१ वेळा थरथरते. छोट्या स्पीकरमधून तो सूर नीट निघतच नाही. ओव्हरड्राइव्ह लहरींचे माथे छाटतो, त्यातून ८२, १२३ हर्ट्झचे वरचे सूर उठतात आणि कान मूळ सूर ओळखतो. डिस्टॉर्शनमध्ये हीच छाटणी जबर होते, पण खर्ज पातळ पडतो. म्हणून स्वच्छ आवाज मिसळणारा ‘ब्लेंड’ नॉब असलेलाच ओव्हरड्राइव्हचा प्रीअँप घ्या. सॅन्सअँप बेस ड्रायव्हर, डार्कग्लास बी सेव्हन के यांत तो आहे. मी तो निम्म्याच्या खालीच ठेवतो. दुकानात एकटा बेस ऐकून भुलू नका; ढोलकीसोबत वाजवून बघा, मगच पैसे मोजा.