जुना ड्राइव्ह शाफ्ट घेताना काय पाहाल?

वळण घेताना पुढच्या चाकाकडून 'कट-कट' आवाज येऊ लागला की गॅरेजमधला उस्ताद गाडी न उघडताच सांगतो, बाहेरचा जॉइंट गेला. गिऱ्हाईक नव्या शाफ्टची किंमत ऐकते आणि म्हणते, "जुना बघा ना कुठे!" खरे नुकसान इथून पुढे होते. कुर्ल्याहून आणलेला शाफ्ट बसला नाही तर दुकानदार तो परत घेईलच असे नाही. गाडी जॅकवर, गिऱ्हाईक दारात आणि दिवसाची मजुरी बुडते ती उस्तादाची. आपली बरीच मंडळी गॅरेजच्या आणि जुन्या सुट्या भागांच्या धंद्यात आहेत, म्हणून हा विषय जरा तपशिलाने घेत आहोत.

अ‍ॅम्बेसेडर आणि पद्मिनीत गाडीखालून एकच लांब दांडा मागच्या चाकांकडे जात असे. 1983 साली आलेल्या मारुती 800 मध्ये इंजिन आडवे आणि जोर पुढच्या चाकांवर, त्यामुळे गिअरबॉक्सच्या दोन्ही बाजूंना एकेक शाफ्ट. गिअरबॉक्स बरोबर मधोमध नसल्याने डाव्या-उजव्याची लांबी वेगळी असते. 800 चेच इंजिन असलेली ओम्नी मात्र मागच्या चाकांवर चालणारी. तेव्हा इंजिन एक म्हणजे शाफ्टही एक, असे धरून चालू नये.

गाडीचे नाव सांगून शाफ्ट मागणे हीच पहिली चूक. एकाच नावाच्या गाडीत साल बदलले, चार गिअरचे पाच झाले, पेट्रोलऐवजी डिझेल आले की शाफ्टही बदललेला असू शकतो. चासी नंबर दाखवला तर कंपनीच्या पार्ट काउंटरवर नेमका पार्ट नंबर मिळतो. तो लिहून घ्यावा. आणि त्याहून मोठी गोष्ट म्हणजे जुना शाफ्ट गाडीतून काढून सोबत न्यावा. पोऱ्याला नुसती चिठ्ठी देऊन पाठवू नये.

दुकानात दोन्ही शाफ्ट शेजारी ठेवावेत. आतला जॉइंट मागे-पुढे सरकतो, म्हणून दोन्ही पूर्ण आत दाबूनच लांबी मोजावी, नाहीतर माप फसवे येते. लांब शाफ्ट गिअरबॉक्सवर दाब टाकतो, आखूड शाफ्ट खड्ड्यात चाक खाली गेले की निसटतो. मग दोन्ही टोकांचे दाते मोजावेत. एका दात्याला खडूने खूण करून मोजले की चूक होत नाही. दाते सारखे निघाले तरी जाडी व्हर्नियरने तपासावी. ऑइल सील जिथे बसते ती जागा गुळगुळीत हवी, नखाला चर लागला तर तेल गळणार. गाडीला एबीएस असेल तर बाहेरच्या जॉइंटवरची दातेरी रिंग आहे का आणि तिचे दाते तेवढेच आहेत का, हेही बघावे.

माप जुळले म्हणजे माल चांगला असे नाही. दांडा घट्ट धरून बाहेरचा जॉइंट उलटसुलट फिरवावा, ढिलेपणा जाणवता कामा नये. मग पूर्ण वाकवून फिरवावा, कुठे अडकला तर सोडून द्यावा. बूट फाटलेला असेल तर आत माती-पाणी गेलेलेच असते. जुन्या शाफ्टवर नवा कोरा बूट दिसला तर अधिक सावध व्हावे. क्लिप काढायला सांगावी आणि ग्रीस बोटांत चोळून पाहावे. कचकच लागली तर आतले गोळे आणि त्यांचे चर झिजले आहेत असे समजावे.

सहीह मुस्लिममध्ये हजरत अबू हुरैरा (रजि.) यांनी सांगितलेला प्रसंग आपण सर्वांनी ऐकला आहे. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी बाजारात धान्याच्या ढिगात हात घातला, तो आत ओल लागली. भिजलेले धान्य लोकांना दिसेल असे वर का ठेवले नाही, असे त्यांनी विक्रेत्याला विचारले. झिजलेल्या जॉइंटवर नवा बूट चढवणे हे त्याच जातीचे काम आहे. ऐब लपवून विकलेला माल परत करण्याचा हक्क फिकहने ग्राहकाला दिला आहे, त्याला खियारे ऐब म्हणतात. दुकानात 'बिका हुआ माल वापस नहीं होगा' अशी पाटी लावली म्हणून माहीत असलेला ऐब लपवण्याची जबाबदारी सुटत नाही. "जॉइंट थोडा बोलतो, त्या हिशेबाने पैसे द्या" असे सांगणाऱ्या दुकानदाराकडे मिस्त्री पुन्हा येतोच.

माल कुठून आला हेही विचारावे. चोरीच्या गाड्या तोडल्या जातात या आरोपावरून डिसेंबर 2021 मध्ये पोलिसांनी मेरठचा सोतीगंज बाजार बंद पाडला. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम 317 नुसार, चोरीचा माल आहे हे माहीत असून किंवा तसे मानण्यास कारण असून तो घेणाराही गुन्हेगार ठरतो. म्हणून पक्के बिल घ्यावे, त्यावर पार्ट नंबर, बाजू आणि 'न बसल्यास परत' हे शब्द लिहून घ्यावेत. दुकानदारानेही गाडी कोणाकडून घेतली त्याचे कागद जपावेत.

बसवताना आतल्या टोकाची सर्क्लिप, ऑइल सील आणि हबचा नट नवा घालावा. यात कंजूसपणा नको. शाफ्ट काढताना गिअर ऑइल सांडते, तेवढे पुन्हा भरावे. आणि शाफ्ट नसताना गाडी चाकांवर उतरवून ढकलू नये, हबच्या बेअरिंगचे नुकसान होते.