गुडवुड : जुन्या गाड्या पळतात तेव्हा

इंग्लंडच्या दक्षिणेला, वेस्ट ससेक्समधल्या चिचेस्टर शहराबाहेर गुडवुड ही ड्यूक ऑफ रिचमंड घराण्याची जहागीर आहे. तिथल्या मोटार-मार्गावर दर सप्टेंबरात तीन दिवस ‘गुडवुड रिव्हायव्हल’ हा जुन्या गाड्यांचा मेळा भरतो. व्हिंटेज गाडी म्हटले की आपल्याकडे रॅली आठवते: चकचकीत गाड्या संथपणे जातात, लोक फोटो काढतात. गुडवुडला मात्र कोट्यवधींच्या गाड्या एकमेकींना खेटून शर्यतीत उतरतात. शर्यतीसाठी घडवलेली गाडी पळताना पाहिली तरच ती कळते.

या मार्गाचा जन्म युद्धातला. दुसऱ्या महायुद्धात इथे वेस्टहॅम्पनेट हा हवाई दलाचा तळ होता. दोन्ही पाय कृत्रिम असलेला लढाऊ वैमानिक डग्लस बेडर ९ ऑगस्ट १९४१ रोजी इथूनच मोहिमेवर निघाला आणि फ्रान्समध्ये जर्मनांच्या हाती सापडला. तळाच्या कडेने विमाने हलवण्यासाठी केलेला पक्का रस्ता युद्धानंतर रिकामा पडला. नववे ड्यूक, फ्रेडी मार्च, स्वतः शर्यती जिंकलेले चालक होते. त्यांनी याच रस्त्यावर १८ सप्टेंबर १९४८ रोजी सुमारे ३.८ किलोमीटरचा मार्ग खुला केला. आदल्याच दिवशी एकोणीस पूर्ण झालेल्या स्टर्लिंग मॉसने त्या दिवशी कूपर गाडीतून छोट्या गाड्यांची शर्यत जिंकली. पुढे १९६२ च्या ईस्टरला याच मार्गावर सेंट मेरीज वळणाजवळ झालेल्या भीषण अपघाताने त्याची कारकीर्द संपवली.

१९५९ ची टुरिस्ट ट्रॉफी ही इथली सर्वांत थरारक आठवण म्हणावी लागेल. जागतिक अजिंक्यपदाचा निकाल याच शर्यतीवर होता. मॉसच्या आघाडीवरच्या अ‍ॅस्टन मार्टिनमध्ये पेट्रोल भरताना भडका उडाला; गाडी आणि पिट, म्हणजे इंधन-दुरुस्तीचा थांबा, दोन्ही निकामी. तेव्हा ग्रॅहम व्हाइटहेडने आपली खासगी अ‍ॅस्टन मार्टिन शर्यतीतून काढून घेतली आणि आपला पिट संघाला दिला. मॉस दुसऱ्या गाडीत बसला, शर्यत जिंकली आणि अजिंक्यपद अ‍ॅस्टन मार्टिनकडे आले. व्हाइटहेडचे हे औदार्य विजयाइतकेच मोठे आहे.

गाड्यांचा वेग वाढत गेला. १९६५ मध्ये जिम क्लार्क आणि जॅकी स्ट्यूअर्ट या दोघांनीही १ मिनिट २०.४ सेकंदांची फेरी नोंदवली. वेग रोखायला आणखी अडथळ्यांची वळणे घालणे ड्यूकना मान्य नव्हते. १९६६ मध्ये शर्यती थांबल्या. त्यांच्या नातवाने १८ सप्टेंबर १९९८ रोजी, बरोबर पन्नास वर्षांनी, त्या पुन्हा सुरू केल्या.

रिव्हायव्हलमध्ये १९४८ ते १९६६ या काळात इथे धावल्या असत्या अशाच गाड्या आणि मोटारसायकली उतरतात. आवारही त्या काळाचेच ठेवतात. प्रेक्षक तेव्हाच्या पेहरावात येतात. पॅडॉकमध्ये, म्हणजे शर्यतीच्या गाड्या तयार करतात त्या आवारात, जाणाऱ्या पुरुषांना कोट-टाय लागतो.

खरी गंमत पॅडॉकमध्ये सुरू होते. मेकॅनिक बॉनेट उघडून इंजिन गरम करत असतो. काही रेसिंग इंजिने एका प्रकारच्या स्पार्क प्लगवर गरम करतात आणि मग ते काढून शर्यतीचे प्लग बसवतात. वंगणात एरंडेल असले की जळक्या तेलाचा गोडसर वास हवेत पसरतो.

शर्यत पाहायची तर एखादे वळण गाठावे. मॅसेराटी २५०एफ सारख्या पन्नाशीच्या दशकातल्या ग्रां प्री गाडीत चालक छातीपासून वर स्पष्ट दिसतो. तेव्हाच्या क्रॉसप्लाय टायरची पकड एकदम सुटत नाही, हळूहळू ढिली होते. म्हणून गाडी चारही चाकांवर आडवी सरकत वळण घेते आणि चालक स्टिअरिंग उलट्या बाजूला फिरवून तिला सावरतो. आजच्या फॉर्म्युला वन गाडीत चालकाचे हात असे दिसतच नाहीत.

सेंट मेरीज ट्रॉफी ही सेडान गाड्यांची शर्यत तर चुकवू नयेच. साठच्या दशकातल्या गाड्यांची पाळी असेल त्या वर्षी सरळ रस्त्यावर सात लिटर इंजिनाची अमेरिकन फोर्ड गॅलेक्सी सगळ्यांना मागे टाकते. पण वळण आले की तिला ब्रेक लवकर मारावे लागतात. तिथेच चिमुकली मिनी आतल्या बाजूचे मागचे चाक हवेत उचलत तिला गाठते. पुढच्या सरळ रस्त्यावर पुन्हा गॅलेक्सी पुढे. फेरीमागून फेरी ही झटापट चालते आणि मैदान मिनीच्या बाजूने ओरडत असते.

मुलांसाठी सेट्रिंग्टन कप असतो: ऑस्टिन जे४० या पायडल मारायच्या गाड्यांची शर्यत. झेंडा पडला की मुले धावत जाऊन आपापल्या गाडीत बसतात. या गाड्या १९४९ पासून वेल्समधल्या बारगॉइडच्या कारखान्यात बनत. तिथले कामगार खाणीत काम करताना अपंग झालेले होते.

जुन्या इंजिनांच्या धुराचा प्रश्नही आयोजकांनी हाताळला आहे. २०२३ मध्ये पोर्श ९११ गाड्यांची एक शर्यत शाश्वत इंधनावर घेतली गेली आणि २०२४ पासून सगळ्याच शर्यतींना असे इंधन सक्तीचे झाले. त्यासाठी गाड्यांची मूळ इंजिने बदलावी लागली नाहीत.