मलायाचे रबर : एका लहान देशाच्या संशोधनाची कथा

ज्या देशाचा संसार एकाच मालाच्या निर्यातीवर चालतो, त्या देशावर त्या मालाची जागा घेणारा दुसरा माल निघाल्यावर काय ओढवते, याची कल्पना मोठ्या देशातील माणसास सहजी येत नाही. मोठ्या देशात एक धंदा बुडाला तर दुसरे दहा शिल्लक असतात. मलाया 1957 साली स्वतंत्र झाला तेव्हा त्याच्यापाशी मुख्यतः दोनच वस्तू होत्या, कथील आणि रबर. त्यांतही रबराचा वाटा इतका मोठा होता की, 1960 च्या सुमारास निर्यातीच्या उत्पन्नापैकी जवळजवळ निम्मे रबरापासूनच येत असे. आणि याच वेळी अमेरिकेतील व युरोपातील रासायनिक कारखाने खनिज तेलापासून रबर तयार करून ते जगभर विकू लागले होते.

मुळात हे झाड मलायाचे नव्हे. ते ॲमेझॉन नदीच्या खोऱ्यातील. 1876 साली हेन्री विकहॅम या इंग्रजाने तेथून सुमारे सत्तर हजार बिया लंडनजवळील क्यू येथील वनस्पती उद्यानात नेल्या. रबराचे बी फार लवकर निर्जीव होते, त्यामुळे त्यांतील शेकडा चारही रुजल्या नाहीत. जी रोपे जगली, त्यांतील बावीस 1877 साली सिंगापूरला पोहोचली. आग्नेय आशियातील रबराच्या अफाट लागवडीचा उगम मुख्यत्वे विकहॅमच्या या मूठभर रोपांत आहे. खुद्द ॲमेझॉनच्या प्रदेशात पानांवरील एका बुरशीमुळे रबराची दाट लागवड कधीच टिकली नाही. ती बुरशी आशियात आली नाही, हे मलायाचे मोठेच भाग्य होय.

परंतु केवळ भाग्यावर धंदा उभा राहत नाही. ॲमेझॉनच्या जंगलात चीक काढण्यासाठी झाडावर कुऱ्हाडीने घाव घालीत, आणि त्यामुळे झाड खराब होई. सिंगापूरच्या उद्यानाचे संचालक हेन्री रिडली यांनी 1888 नंतर या प्रश्नाचा चिकाटीने अभ्यास केला. त्यांनी खोडावर तिरपी खाच घेऊन त्याच खाचेची कड पुनःपुन्हा पातळ तासण्याची रीत बसविली. चिकाच्या नलिका सालीत असतात आणि त्या उजवीकडे किंचित कलून वर चढतात. म्हणून खाच वर डावीकडून खाली उजवीकडे आणली, म्हणजे अधिक नलिका छेदल्या जातात. पहाटे, ऊन चढण्यापूर्वी, सालीचा दीडएक मिलिमीटरचा पदर तासावयाचा आणि आतील वाढीच्या थरास धक्का लागू द्यावयाचा नाही, हे काम मोठ्या कौशल्याचे आहे. मलायाच्या मळ्यांत ते पिढ्यान्‌पिढ्या ज्यांनी केले, त्यांत मद्रास इलाख्यातून गेलेल्या तमिळ मजुरांचा भरणा मोठा होता. रिडली भेटेल त्या मळेवाल्यास रबर लावण्याचा आग्रह करीत, आणि लोक त्यांना वेडा म्हणत. मोटारगाड्या आल्यावर हेच लोक रोपे मागू लागले.

1925 साली क्वालालंपूर येथे मलायाची रबर संशोधन संस्था स्थापन झाली. तिच्या खर्चाची व्यवस्था लक्षात ठेवण्यासारखी आहे. निर्यात होणाऱ्या रबरावर वजनाप्रमाणे लहानसा उपकर बसविण्यात आला आणि ती रक्कम संस्थेस मिळू लागली. मोठ्या इंग्रज कंपनीच्या रबरावर तो पडे, तसाच दोनचार एकरांच्या मलायी किंवा चिनी शेतकऱ्याच्या रबरावरही पडे. याचा अर्थ असा की, सरकारची तिजोरी रिकामी असली तरी संशोधन थांबत नसे. मात्र ज्याच्या पैशातून ते चाले, त्याला त्याचे फळ मिळते की नाही, हा प्रश्नही त्याच दिवसापासून उभा राहिला.

संस्थेच्या वनस्पतिशास्त्रज्ञांनी प्रथम झाडाकडे लक्ष दिले. बियांपासून वाढलेल्या झाडांत एक भरपूर चीक देते, तर शेजारचे जवळजवळ काहीच देत नाही. डच लोकांनी जावा व सुमात्रा या बेटांवर डोळा भरून कलम करण्याची रीत यशस्वी केली होती. तीमुळे एका उत्तम झाडाच्या हजारो प्रती तयार करता येऊ लागल्या. सुंगाई बुलोह येथील प्रयोगक्षेत्रात निवडक झाडांचे संकर करण्यात आले आणि त्यांच्या संततीची वर्षानुवर्षे परीक्षा चालली. येथे घाईला जागाच नसते. रोप लावल्यापासून चीक काढण्याजोगे होण्यास सहासात वर्षे लागतात आणि खरी योग्यता कळण्यास त्याहून पुष्कळ अधिक. 1937 नंतरच्या संकरांतून निघालेला आर. आर. आय. एम. 600 हा वाण लोकांच्या मळ्यांत सर्वत्र दिसू लागेपर्यंत एक महायुद्ध होऊन गेले होते. निवड न केलेल्या जुन्या झाडांपासून हेक्टरी सुमारे 500 किलो रबर मिळे. नव्या वाणांनी तो आकडा दीड हजारांच्या पुढे नेला.

त्या महायुद्धानेच कृत्रिम रबराला जन्म दिला असे नव्हे, पण त्याला मोठे केले खरे. 1942 च्या आरंभी जपानने मलाया जिंकल्यामुळे अमेरिकेचा रबराचा पुरवठा तुटला. तिने सरकारी पैशाने कारखाने उभारले आणि 1944 साली तेथील कृत्रिम रबराचे उत्पादन सात लाख टनांच्या वर गेले. युद्ध संपले तरी ते कारखाने उभेच होते. 1954 साली तर निसर्गातील रबराच्या रेणूसारखाच रेणू प्रयोगशाळेत बांधण्यात यश आले. 1960 नंतर थोड्याच वर्षांत जगाच्या एकूण वापरात कृत्रिम रबराने नैसर्गिक रबरास मागे टाकले.

या झगड्यात किमतीचा प्रश्न होताच, पण त्याहून अवघड प्रश्न मालाच्या रूपाचा होता. मलायातून येणारे रबर धुरी दिलेल्या पत्र्यांच्या स्वरूपात असे. चीक आम्लाने साकळावयाचा, रुळांतून दाबून त्याचे पातळ पत्रे करावयाचे, आणि ते धूरघरात काही दिवस वाळवावयाचे. त्याची प्रत ठरे ती नुसत्या नजरेने. तपासणारा माणूस पत्रा उजेडापुढे धरी, त्यातील बुडबुडे, डाग, बुरशी पाही आणि क्रमांक देई. अशा तीसपेक्षा अधिक प्रती होत्या. मग पत्र्यांच्या शंभर किलोंहून जड गासड्या बांधून वर शंखजिऱ्याचा लेप देत. टायरच्या कारखान्यात ही गासडी फोडणे, कापणे आणि मऊ करणे यांतच पुष्कळ श्रम आणि वीज खर्ची पडे. आणि दिसावयास सुंदर असलेला पत्रा साच्यात कसा वागेल, हे कोणीच सांगू शकत नसे. उलट कृत्रिम रबर लहान, स्वच्छ, वेष्टन घातलेल्या ठोकळ्यांत येई आणि त्यासोबत त्याच्या गुणधर्मांचा तपशील असे. कारखानदाराने कोणते घ्यावे, हे सांगण्याची गरज नाही.

मलायाच्या रसायनशास्त्रज्ञांनी हे दुखणे बरोबर ओळखले. त्यांत बालचंद्र चक्किंगल शेखर यांचे नाव अग्रभागी आहे. त्यांचा जन्म 1929 साली मलायातच, मूळच्या केरळच्या कुटुंबात झाला. 1966 साली ते संस्थेचे पहिले आशियाई संचालक झाले आणि 1973 साली त्यांना रॅमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला. साठवणीत नैसर्गिक रबर हळूहळू कठीण का होते, याचे कारण त्यांनी रेणूंवरील काही विशिष्ट गटांत शोधले. हायड्रॉक्सिलअमाइन हे द्रव्य अल्प प्रमाणात घातले की त्या गटांची तोंडे बंद होतात आणि रबर मऊ राहते. कारखानदाराचे मळणयंत्राचे एक कामच त्यामुळे वाचले.

पुढची पायरी होती रबराचे रूप पालटण्याची. साकळलेल्या चिकात शेकडा एकाहूनही कमी एरंडेल मिसळून तो रुळांतून काढला, तर त्याचा पत्रा न होता चुरा होतो, असे आढळले. भारतीय घरांत पोट साफ करण्यासाठी पाजले जाणारे तेच हे एरंडेल. चुऱ्याचा पृष्ठभाग मोठा असल्यामुळे तो दिवसांऐवजी काही तासांत वाळतो. मग तो दाबून सुमारे 33 किलोंचे ठोकळे करावयाचे आणि पॉलिथिनमध्ये गुंडाळावयाचे. 1965 साली मलेशियाने या आधारावर प्रमाणित रबराची योजना जाहीर केली. प्रत आता डोळ्याने नव्हे, तर प्रयोगशाळेतील परीक्षेने ठरू लागली. रबरात कचरा किती, राख किती, नायट्रोजन किती, आणि तापविल्यावर त्याची लवचीकता किती टिकते, हे मोजण्यात येऊ लागले. मूळ योजनेत प्रतीचे नावच कचऱ्याच्या प्रमाणावरून होते. 5 क्रमांकाच्या रबरात शेकडा 0.05 हून अधिक कचरा चालत नसे, तर 20 क्रमांकाच्या रबरात 0.20 पर्यंत चाले. पूर्वी व्यापाऱ्याच्या शब्दावर विकला जाणारा माल अशा रीतीने आकड्यांवर विकला जाऊ लागला. इंडोनेशिया, थायलंड, श्रीलंका व भारत यांनीही पुढे आपापली प्रमाणित रबरे काढली, यातच या योजनेची योग्यता दिसून येते.

ही सर्व सुधारणा कागदावर जितकी सरळ दिसते तितकी शेतात नव्हती. मोठ्या मळ्यांपाशी भांडवल होते, रसायनज्ञ होते. पण देशातील रबराखालील निम्म्याहून अधिक जमीन लहान शेतकऱ्यांच्या हाती होती. असा शेतकरी हाताच्या चरकावर पत्रे काढी आणि न धुरावलेले तसेच गावच्या दुकानदाराला विकी. त्याच्या जुन्या झाडांचा चीक आटत चाललेला असे. झाडे तोडून नवा वाण लावावा हे त्यालाही समजत होते. पण तोडल्यावर सहासात वर्षे घर कशावर चालवावे? हा प्रश्न कोणत्याही वनस्पतिशास्त्रज्ञास सुटण्यासारखा नव्हता. 1950 नंतरच्या काळात निर्यातीवर आणखी एक उपकर बसवून त्यातून पुनर्लागवडीसाठी अनुदान देण्यात येऊ लागले. रक्कम हप्त्याहप्त्याने, रोपांची वाढ पाहून मिळे. मधल्या वर्षांत शेतकरी ओळींमध्ये केळी व अननस लावीत. तरीही ज्याची जमीन एकदोन एकरच होती, त्याने बहुधा जुनी झाडेच राखली. चुऱ्याचे रबर करण्याचे यंत्र तर एकट्याला परवडणारे नव्हतेच. म्हणून 1960 च्या दशकाच्या उत्तरार्धात लहान शेतकऱ्यांचा माल घेणारे कारखाने काढण्यासाठी एक सरकारी निगम स्थापन करण्यात आला. शास्त्रज्ञाची युक्ती आणि शेतकऱ्याचे उत्पन्न यांच्यामधील हे अंतर मोठे असते, आणि संशोधनाच्या इतिहासांत त्याची नोंद क्वचितच आढळते.

खरेदीदाराजवळ जाऊन काम करण्याचाही एक भाग होता. मळेवाल्यांच्या उपकरातून इंग्लंडमध्ये एक प्रयोगशाळा चालविली जात होती. आज ती हर्टफर्डजवळ तुन अब्दुल रझाक यांच्या नावाने आहे. तेथील संशोधकांनी पुलांच्या तुळयांखाली ठेवावयाच्या रबराच्या बैठका तयार केल्या. 1966 साली लंडनमध्ये भुयारी रेल्वेवर बांधलेल्या एका इमारतीस हादरे लागू नयेत म्हणून ती रबराच्या बैठकांवर उभारण्यात आली. पुढे भूकंपाचे धक्के शोषणारे खास रबर तयार झाले, आणि 1985 साली कॅलिफोर्नियातील एक न्यायालयीन इमारत त्याच्या बैठकांवर उभी राहिली. अशा कामात रबर खपते ते थोडेच, परंतु कृत्रिम रबराची सद्दी असताना झाडाच्या रबराचे गुण अभियंत्यांसमोर राहिले. शिवाय दोन गोष्टी मलेशियाच्या हाताबाहेरच्या, पण तिला अनुकूल घडल्या. त्रिज्य रचनेच्या टायरमध्ये नैसर्गिक रबर अधिक लागू लागले, आणि 1973 साली खनिज तेलाची किंमत भडकल्याने कृत्रिम रबर महाग झाले.

1970 च्या दशकात मलेशियाचे उत्पादन वर्षास सोळा लाख टनांपर्यंत पोहोचले. त्यानंतर मात्र मजूर कमी पडू लागले, जमीन तेलमाडाखाली गेली, आणि 1990 नंतर थायलंडने पहिला क्रमांक घेतला. थायलंडच्या रबरबागांत सर्वाधिक दिसणारा वाण म्हणजे सुंगाई बुलोह येथे निघालेला तोच 600 क्रमांकाचा. झाडाचे कलम सीमा ओळखत नाही, आणि संशोधनाचा खर्च करणारा व त्याचे फळ खाणारा नेहमी एकच असतो असेही नाही. भारतानेही मलायी वाण लावले. कोट्टयमच्या संस्थेने 1980 साली आर. आर. आय. आय. 105 हा स्वतःचा वाण प्रसारात आणला. कोरड्या हवेत रबर कसे तग धरते, याचे प्रयोग पालघर जिल्ह्यातील डापचरी येथे करण्यात आले आहेत.

मलेशियात रबराची झाडे कमी झाली, पण रबराचा धंदा उरला. 1980 च्या दशकात एड्सच्या भीतीने वैद्यकीय हातमोज्यांची मागणी एकाएकी वाढली, तेव्हा चिकाविषयी अर्धशतकाचे ज्ञान तेथे तयारच होते. चिकातील प्रथिनांमुळे काही लोकांना त्रास होतो असे दिसल्यावर ती कमी करण्याचे उपायही तेथेच शोधण्यात आले. आज देशाचे रबराचे उत्पादन वर्षास चार लाख टनांच्या खाली आहे. कारखान्यांना चीक बाहेरून आणावा लागतो, आणि निर्यात होणाऱ्या हातमोज्यांपैकी निम्म्याहून अधिक आता नायट्राइल या कृत्रिम रबराचे असतात. सुंगाई बुलोहच्या जुन्या प्रयोगक्षेत्राचा मोठा भाग क्वासा दामनसारा या नव्या वसाहतीसाठी देण्यात आला, आणि 2016 च्या डिसेंबरपासून तेथे शहरी रेल्वेचे स्थानक आहे.