स्वस्त तबकडीची पारख

बर्मिंगहॅम हें 'ब्लॅक सॅबथ'चें गांव; १९७० सालच्या त्यांच्या पहिल्या ध्वनिमुद्रिकेपासून हेवी मेटल संगीताचा प्रारंभ बहुतेक जण मानतात. इंग्लंडांतील धर्मादाय संस्थांच्या दुकानांत या संगीताच्या जुन्या सीडी आज अगदीं स्वल्प मोलानें मिळतात. टोपली चाळणारा रसिक तबकडीची चकचकीत बाजू न्याहाळतो आणि निश्चिंत होतो. येथेंच तो फसतो! त्या बाजूस सुमारें १.२ मिलिमीटर जाडीचें पारदर्शक पॉलिकार्बोनेट असतें; तेथील बारीक ओरखडा बहुधा निरुपद्रवी. ज्या खाचांत सूर साठविलेले असतात, त्यांवरील ॲल्युमिनियमचा मुलामा नांव छापलेल्या बाजूस, पातळ रोगणाखालीं असतो. तो खरवडला गेला, कीं तेथले सूर कायमचे गेले. यासाठीं तबकडी दिव्यासमोर धरावी. आरपार भोकें दिसल्यास ती मुकाट्यानें परत ठेवावी. चकचकीत बाजूवर मध्याकडून कडेकडे गेलेला ओरखडा चालेल. वर्तुळाकार मात्र नको.