गव्हाची गोष्ट – लेखांक ६ : मिटलेलं फूल

हरितक्रांतीचा गहू ‘हायब्रीड’ होता, असं आपल्याकडे सर्रास म्हटलं जातं. तो तसा नव्हता. मागच्या आठवड्यात आपण पाहिलं, की बोरलॉग यांनी मेक्सिकोत वेगवेगळ्या जातींचा संकर केला. पण पुढे अनेक पिढ्या निवड करून स्थिरावलेला सरळ वाणच त्यांनी शेतकऱ्याच्या हाती दिला. म्हणून कल्याणसोना किंवा सोनालिकाचं बी घरच्या कणगीतून काढून पुन्हा पेरता येत होतं. १९६४ मध्ये आलेल्या सीएसएच-१ या हायब्रीड ज्वारीचं तसं नव्हतं. संकराचा जोम पहिल्या पिढीतच पुरता असतो. घरचं बी पेरलं की ताटं उंचसखल निघतात, उतारा घटतो.

ज्वारी, बाजरी, मका, कपाशी या सगळ्यांत संकरित वाण स्थिरावले. गव्हात का नाही? त्याचं कारण ओंबीतच आहे.

मक्याचा तुरा शेंड्याला असतो, कणीस खाली. तुरे उपटले की मादी ओळ तयार. गव्हाच्या इवल्याशा फुलात मात्र तीन परागकोष आणि पिसासारखी कुक्षी एकाच तुसात मिटलेली असतात. फूल उघडण्याआधीच परागीकरण बहुधा उरकलेलं असतं. त्यामुळे पैदासकार तुसांची टोकं कात्रीने कापतो, हिरवे परागकोष चिमट्याने एकेक करून उचलतो, ओंबीवर कागदी पिशवी चढवतो आणि दोन-तीन दिवसांनी दुसऱ्या ओंबीचे पराग तिच्यावर झटकतो. एवढं करून ओंबीमागे वीस-पंचवीस दाणे मिळतात. या पिकाला तर हेक्टरी १०० किलो बियाणं लागतं!

म्हणून पराग मुळात वांझच असलेल्या झाडाचा शोध सुरू झाला. पेशीद्रव्य फक्त आईकडून येतं. १९५१ मध्ये जपानच्या हितोशी किहारा यांनी एका रानगवताच्या पेशीद्रव्यात गव्हाचं केंद्रक बसवलं आणि नरवंध्य गहू मिळवला. १९६२ मध्ये अमेरिकेतल्या कॅन्सासमध्ये विल्सन आणि रॉस यांनी जॉर्जियातल्या तिमोफेवी गव्हाचं पेशीद्रव्य वापरलं. पण शेतकऱ्याला दाणे हवेत, म्हणजे त्याच्या शेतात ही वंध्यता पुन्हा मोडायला हवी. तशी जनुकं सापडली, मात्र गव्हात त्यांचं काम हवामानानुसार कमीजास्त होतं. शिवाय गव्हाचा पराग जड, आणि त्याचं आयुष्य मिनिटांत मोजायचं. नर पट्ट्यातून मादी पट्ट्यात वाऱ्याने तो पोचणार किती? फ्रान्समध्ये मादी पट्ट्यांवर पराग मारणारं रसायन फवारतात. तरीही जगातल्या गव्हाच्या क्षेत्रात संकरित गहू एक टक्कासुद्धा नाही.

माझ्या मते खरी अडचण हिशोबाची आहे. संकरित गव्हात वाढ मिळते ती साधारण दहा टक्के. समजा, हेक्टरी ४० क्विंटलचे ४४ झाले. बियाणं मात्र एक क्विंटल लागतं, आणि ते धान्याच्या पाचपट भावाने मिळालं तर वाढलेले चारही क्विंटल त्यातच जातात. म्हणूनच युरोपात संकरित गहू विरळ पेरतात. आपल्या कोरडवाहू शेतकऱ्याला ही जोखीम घे असं सांगायला माझं मन धजत नाही.

जानेवारीत गव्हाच्या शेतात गेलात तर ओंब्यांवर पिवळट परागकोष लोंबताना दिसतील. आतलं काम झाल्यावर बाहेर पडलेले, बहुतेक रिकामे. नर वाणासाठी पैदासकार आता अशी झाडं निवडत आहेत, ज्यांचे कोष भरलेले असतानाच बाहेर येतात.