क्लच, वातानुकूलन संपीडकाचा

मोटारगाडीच्या वातानुकूलन यंत्रणेतील संपीडक (प्रशीतक वायूचा दाब वाढविणारा पंप) एंजिनाच्या पट्ट्याशी हवा तेव्हा जोडणारे व तोडणारे विद्युत् चुंबकीय साधन. १९४० सालच्या पॅकार्ड गाड्यांत असा क्लच नव्हता. थंडावा नको असल्यास एंजिन थांबवून पट्टाच उतरवावा लागे.

एंजिन चालू असताना कप्पी सतत फिरते, परंतु संपीडकाचा दंड स्थिर असतो. वेटोळ्यातून १२ व्होल्ट दाबाने सु. ३ ते ४ अँपिअर प्रवाह गेला म्हणजे पोलादी चकती कप्पीकडे ओढली जाऊन तिला चिकटते व दंड फिरू लागतो. या दोहोंतील फट सामान्यतः अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास असते. झिजेने ती वाढली आणि तापलेल्या वेटोळ्याचा रोधही वाढला की, चुंबकाची ओढ अपुरी पडते. असा क्लच सकाळी जुळतो, दुपारी जुळत नाही.

ठाणे, कल्याण व डोंबिवली परिसरात हेच लक्षण अगदी वेगळ्या कारणानेही दिसते आणि निदान चुकते. मे महिन्यात घोडबंदर किंवा कल्याण–शीळ रस्त्यावर वाहने खोळंबली की, धावत्या गाडीला मिळणारा वारा थांबतो. अशा वेळी संघनकाचा पंखा बिघडलेला असल्यास प्रशीतकाचा दाब चढतो व दाब-स्विच क्लचचा प्रवाह तोडतो. येथे क्लच निर्दोष असतो. म्हणून बिघाड दिसत असतानाच वेटोळ्याच्या जोडाशी विद्युत् दाब मोजावा. तो बॅटरीइतका असूनही चकती ओढली जात नसेल, तर दोष फटीत, वेटोळ्यात किंवा त्याच्या भूयोजनात असतो. दाब नसेल, तर वितळतार (फ्यूज), अभिचालित्र (रिले), दाब-स्विच व तारा तपासाव्यात. खाडीकाठची खारी, दमट हवा व पावसाळ्यात साचलेले पाणी यांमुळे तारांचे जोड गंजतात. ते प्रथम पाहणे श्रेयस्कर.

दाब फार कमी झाला तरीही स्विच क्लच जुळू देत नाही. आर-१३४ए हे प्रशीतक भरलेल्या बंद यंत्रणेत ३०° से. तापमानास बाहेरील हवेपेक्षा सु. ६.७ बार अधिक दाब असतो. गळतीने तो सु. २ बारपर्यंत उतरला की प्रवाह तुटतो. मात्र थोडेसे द्रव प्रशीतक शिल्लक असेतोवर दाब तापमानावरच अवलंबून राहतो, त्यामुळे केवळ दाबावरून भरण पुरेसे आहे असे ठरविता येत नाही.

स्विच वगळून क्लचला बॅटरीची तार सरळ जोडण्याची रीत पुष्कळदा अवलंबिली जाते. क्षणभराच्या चाचणीपलीकडे ती घातक आहे. संपीडकाचे वंगणतेल प्रशीतकाबरोबरच फिरते. प्रशीतक गळून गेले असता तेल परत येत नाही, संपीडक कोरडा चालून जाम होतो व त्याचा धातूचा चुरा संघनकापर्यंत पोहोचतो. काही रुपयांच्या रबरी कड्याच्या गळतीपायी मग जवळजवळ सर्व यंत्रणा बदलावी लागते.